शेवटच्या घरचं पाणी

आमच्या वस्तीत थेंबेकाका राहतात, आणि थेंबे हे त्यांचं आडनाव नाही. खरं आडनाव विचारलं तर निम्म्या वस्तीला सांगता यायचं नाही. पाण्यात थेंब टाकून बघतात म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव मोठ्यांनी उचललं, आणि पुढे वाचनालयाच्या कार्डावरही तेच आलं. काकांनी ते बदलून घेतलं नाही. "पुस्तक तेच मिळतं ना," म्हणाले.

शहराची पाण्याची लाईन आमच्या अलीकडेच थांबते. म्हणून चढावर वस्तीची स्वतःची टाकी आहे, टाकीत बोअरचं पाणी पडतं आणि टाकीची किल्ली काकांकडे असते. पूर्वी ते सुतारकाम करायचे. टाकी बांधली तेव्हा तिच्या खोलीचं दार त्यांनी केलं, आणि दार बसवायला गेलेला माणूस तिथलाच होऊन गेला. वस्तीच्या पाणी-समितीला कुणीतरी रोज न चुकता येणारा हवा होता. काकांना रोज न चुकता जायला एक जागा हवी होती, कारण काकू नुकत्याच गेल्या होत्या.

सकाळी ते ब्लीचिंग पावडर कालवतात, निवळलेलं पाणी पिंपात भरतात आणि ते टाकीत थेंब थेंब पडत राहतं. वस्ती त्याला औषध म्हणते. मग खांद्याला पिशवी अडकवून काका उतार उतरायला लागतात. पिशवीत काचेची एक छोटी नळी आणि एक बाटली. वाटेतल्या घरांतून पेलाभर पाणी घ्यायचं, थोडं नळीत ओतायचं आणि बाटलीतले थेंब टाकायचे. पाणी फिकट पिवळं झालं तर औषध इथवर पोचलं. रंग आलाच नाही तर वाटेत कुठेतरी घाण शिरतेय आणि औषध तिच्याशी झुंजण्यातच संपलं. नळीतलं पाणी ते फेकून देतात आणि पेल्यात उरलेलं पिऊन टाकतात. लोकांना जे द्यायचं ते आधी आपल्या पोटात गेलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

आमचं घर उताराच्या अगदी टोकाला आहे. पोस्टमनचं घर संपलं की गटार लागतं, गटारावर लहानसा पूल आणि पुलापलीकडे आम्ही. पाण्याची पाईपही त्या गटाराच्या कडेनंच येते. लग्न होऊन आले तेव्हा मला या शेवटच्या घराचा राग यायचा. दिवे, रस्ता, पाणी, सगळं आमच्याकडे सगळ्यांचं झाल्यावर. एकदा काकांसमोर तसं बोलून गेले.

"सूनबाई," ते म्हणाले, "पहिल्या घराला चांगलं पाणी देण्यात काय मोठंसं? ते टाकीला चिकटूनच आहे. तुमच्या नळाला चांगलं आलं म्हणजे मधल्या सगळ्यांना चांगलं गेलं. माझं काम तुमच्या दारात पुरं होतं."

मला त्या बोलण्याचं मोल इतरांपेक्षा जरा जास्त कळतं. माहेरी आम्ही पाण्याची कावीळ काढली आहे. मी आणि माझा भाऊ एकाच खाटेवर, एकाचं डोकं इकडे आणि एकाचं तिकडे, दोघंही पिवळी पडून. माझं शाळेचं वर्ष गेलं. भाऊ वाचला, पण पुढे कधी धड सावरला नाही. तिथेही आमचं घर शेवटचंच होतं, पण तिथे कुणी सकाळी येऊन पाण्याचा पेला मागितला नव्हता. त्यामुळे काकांची पावलं पुलावर वाजली की मला आतून बरं वाटतं. पिवळा रंग मला आयुष्यभरासाठी नकोसा झालाय, काकांच्या नळीतला तेवढा सोडून.

आता आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. मनानं सोनं आहेत, फक्त त्यांच्यासमोर कुणाला बरोबर असायची सोय नाही, कारण ती जागा त्यांनी आधीच घेतलेली असते. आणि पाहुणा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कुणी आलं की चांगली खुर्ची, चांगला पेला, चांगली चादर, सगळं बाहेर. घरच्यांनी कान तुटलेल्या कपातून प्यायचं आणि तक्रार करायची नाही. थेंबेकाका माझ्या सासऱ्यांचे मित्र, म्हणून आईंचे भाऊजी. वर्षानुवर्षं रोज येणारा माणूस, पण आईंच्या लेखी तो दारात आला की पाहुणाच.

आमचा नळ मागच्या अंगणात आहे, पायऱ्या उतरून खाली. काका पूर्वी स्वतः उतरून पेला भरायचे. एकदा शेवाळावरून त्यांचा पाय घसरला, गुडघा दुखावला आणि हातात काठी आली. त्या दिवशी आईंनी फर्मान काढलं. "भाऊजी, आजपासून तुम्ही व्हरांड्यात बसायचं. पाणी मी हातात आणून देणार." काका नको नको म्हणाले, पण आईंपुढे आजवर कुणाचं चाललंय? आई स्वयंपाकघरातल्या नळाचा पेला भरून आणायच्या. लाईन तीच, पाणी तेच. काहीच बिघडलं नाही.

मग माझी मुलगी रांगायला लागली, वरचं खायला लागली, आणि डॉक्टरीणबाईंनी तिचं पाणी उकळून द्यायला सांगितलं. आईंनी ते असं मनावर घेतलं की विचारू नका. बाळाला लागायचं वाटीभर, आई उकळायच्या पातेलंभर. झाकण ठेवून, वर स्वच्छ फडकं घालून ते पातेलं ओट्यावर विराजमान व्हायचं. त्याला हात लावायची आमची कुणाची टाप नव्हती.

त्याच सुमाराला आमच्या नळाचा रंग गेला.

तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या कुणाच्याच आलं नाही. माझा नवरा पहिल्या पाळीला गेलेला असायचा. मी खिडकीशी शिलाई मशीनवर गणवेशांच्या ढिगात बसलेली, एक डोळा सुईवर आणि एक मुलीवर. पेला कुठून भरला जातो ते बघतं कोण? आणि काका विचारतील कसे? आपुलकीनं हातात दिलेल्या पेल्याकडे बघून हे पाणी कुठलं म्हणून विचारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

मला एवढंच दिसलं की काकांनी नळी उजेडाकडे धरली, हलवली, परत धरली. पाणी पांढरं स्वच्छ. मग त्यांनी जमिनीवर रांगणाऱ्या माझ्या मुलीकडे बघितलं. मी काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "काही नाही. बाळाचं पाणी उकळताय ते चालू ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून टाकीत औषध जास्त पडायला लागलं. पोस्टमनच्या नळाला रंग गडद यायला लागला, आमच्याकडे तरीही नाही. काकांनी आणखी वाढवलं. आता वस्तीभर पाण्याला वास मारू लागला. लोक पेला तोंडाशी नेऊन नाक मुरडायचे. बेकरीवाल्याचा पाव फुगेना, आणि त्याचा पाव फुगला नाही की तो स्वतः फुगतो. येणाऱ्याजाणाऱ्याला दुकानाच्या पायरीवर थांबवून तो पावाचा वास घ्यायला लावायचा.

वास आमच्याही पाण्याला येत होता. न यायला काय झालं? आणि इथे आईंनी दुसरा पराक्रम केला. काकांनी त्यांना सरळ विचारलं होतं, "वहिनी, तुमच्या पाण्याला वास येतो का?" आई म्हणाल्या, "छे, अजिबात नाही." काका गेल्यावर मी आईंकडे बघतच राहिले.

"सगळी वस्ती त्या माणसावर तुटून पडलीय," आई म्हणाल्या. "त्यात आपण आणखी भर घालायची? खबरदार, त्यांच्यासमोर कुणी वासाचं नाव काढलं तर."

मला ते पटलं. मलाही काकांची कीव येत होती. त्यामुळे मीही तोंडाला कुलूप लावलं.

काकांनी मात्र त्यातून जो निघायचा तोच अर्थ काढला. पोस्टमनकडे औषध आहे, आमच्याकडे औषध नाही आणि वासही नाही. म्हणजे पुलाजवळ पाईप फुटलीय आणि गटाराचं पाणी आत शिरतंय. त्यांनी प्लंबरला बोलावून पुलाच्या अलीकडे खोदायला घेतलं. प्लंबर कुदळ चालवायचा आणि काका, दुखऱ्या गुडघ्यानं, घमेल्यानं माती ओढायचे. पाईप धडधाकट निघाली. बुजवून पलीकडे खोदलं. तिथेही तेच. पोस्टमन सायकलसकट खड्ड्यात गेला आणि बाहेर येऊन इतका वेळ बोलत राहिला की त्याच्या पोटात इतके शब्द आहेत हे वस्तीला तेव्हा कळलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे हसत सांगितलं असतं. पण लोकांनी टाकीचं पाणी प्यायचं सोडलं. वीटभट्टीमागे एक जुनी विहीर आहे. तिथे ट्रक धुतात, गुरं बसतात आणि पाऊस झाला की आजूबाजूचं सगळं वाहून तिच्यात जातं. पाणी दिसायला मात्र नितळ आणि वास काही नाही. बेकरीवाल्यानं तिथून कॅन भरून आणला, त्याचा पाव फुगला, आणि मग बघता बघता लोकांची रांग लागली. माझ्या खिडकीतून ती रांग दिसायची. मला खाटेवरचा भाऊ आठवायचा आणि टाके चुकायचे.

काका त्या रांगेशी जाऊन उभे राहिले. एरवी आवाज न चढवणारा माणूस. "वास येतो म्हणून औषध टाकून देताय," ते म्हणाले, "आणि वास नाही म्हणून विष घरी नेताय." कुणी ऐकलं नाही. खड्डे खणून काही न सापडलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

समितीच्या अध्यक्षबाईंनी रविवारी शाळेत सभा ठेवली. विषय दोन होते आणि दोन्ही बेकरीवाल्यानं मांडलेले. काकांकडून किल्ली काढून घ्यायची, आणि टाकीचं पाणी यापुढे फक्त धुण्याभांड्याला, प्यायला विहीर. सभेत हे मंजूर होणार हे सगळ्यांना दिसत होतं.

शनिवारी सकाळी आई त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या. पातेलं मी घासायला काढलेलं. काका आले, व्हरांड्यात बसले. मी स्वयंपाकघरातल्या नळाखाली पेला धरला आणि आणून दिला. त्यांनी नळीत ओतलं, थेंब टाकले, आणि पाणी पिवळं झालं. फिकट नाही, चांगलं गडद, नारिंगीकडे झुकलेलं.

काका नळीकडे बघत राहिले. पेला उचलून काठी टेकत मागच्या अंगणात गेले, भिंतीला धरून पायऱ्या उतरले आणि स्वतः नळ सोडला. तोच रंग. वर आले ते धापा टाकत.

"सूनबाई, वहिनी मला पाणी कुठलं देतात?"

मी पालथ्या घातलेल्या पातेल्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "उकळलेलं," मी म्हटलं. "बाळासाठी उकळतात, त्यातलं." उकळल्यावर औषध उडून जातं हे मला काकांनीच कधीतरी सांगितलेलं होतं.

मी त्यांच्या जागी असते तर ते पातेलं गटारात भिरकावलं असतं. काका खाली बसले. "म्हणजे गटाराचं पाणी आत येत नाहीये," ते म्हणाले. "पाईप चांगली आहे. बाळाच्या नळाला औषध होतंच." आणि डोळे पुसायला लागले. किल्लीची, सभेची, वस्तीच्या शिव्यांची त्यांना आठवणही नव्हती. एवढे दिवस ती माती त्यांनी माझ्या मुलीसाठी ओढली होती, आणि आम्हाला घाबरवायचं नाही म्हणून एका शब्दानं बोलले नव्हते. मी मुलीला उचललं आणि त्यांच्या मांडीवर दिलं.

आई परत आल्या तेव्हा काका अजून बसलेलेच होते. मी सगळं सांगितलं. आईंना आधी कळेचना की यात चूक काय झाली.

"मग काय भाऊजींना नळाचं पाणी देऊ?" त्या म्हणाल्या. "दारात आलेल्या माणसाला?"

"आई, ते नळाचंच तपासायला येतात."

आईंनी पातेल्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "आणि वास नाही म्हणून मीच सांगितलं."

"तो विषय सोडा वहिनी," काका म्हणाले. "मी आत्ता जाऊन औषध पहिल्यासारखं करतो. उद्या सभेत सांगेन की माझी तपासणी चुकली. तुमचं नाव निघता कामा नये. लोक तुम्हाला हसतील, मला ते चालणार नाही. किल्ली तशीही जाणारच आहे."

त्या दिवशी आई रात्रीपर्यंत कुणाला काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात याला घटना म्हणतात.

रविवारी शाळेचा वर्ग गच्च भरला होता. मोठमोठी माणसं पोरांच्या बाकांत गुडघे अडकवून बसलेली. काका उठले, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझ्या तपासणीत चूक झाली. पाईप फुटलेली नव्हती. औषध मी उगाच वाढवलं, आता ते पूर्वीसारखं केलंय. किल्ली घ्या, पण लोकहो, विहिरीचं पाणी पिऊ नका. एवढीच विनंती आहे."

"चूक झाली म्हणता, मग तुमच्या विनंतीला काय किंमत?" बेकरीवाला म्हणाला. त्यावर पुष्कळ माना हलल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आई उठल्या. हातात फडकं बांधलेलं पातेलं. लोकांना वाटलं काहीतरी खायला आणलंय, त्यामुळे वाट लगेच मिळाली. आईंनी पातेलं टेबलावर, किल्लीच्या शेजारी ठेवलं.

"चूक यांची नाही, माझी आहे," त्या म्हणाल्या. "नळाचं म्हणून मी भाऊजींना यातलं पाणी देत होते. उकळलेलं. त्यात औषध राहत नाही हे मला माहीत नव्हतं. त्यांनी वास येतो का विचारलं तर त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी नाही म्हटलं. त्यांचे खड्डे, तुमचा वास, या पोस्टमनची सायकल, सगळं या पातेल्यानं केलंय."

मग पोस्टमन हसायला लागला, आणि त्याच्या मागून सगळा वर्ग. बाकं खडखडली. अध्यक्षबाईंनी तोंडाला पदर लावला. आई तशाच उभ्या, मान ताठ, कान लाल. आपलं चुकलं हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही भर सभेत. मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

बेकरीवाला मात्र हसला नाही. "म्हणजे वहिनी, तुम्हालाच नळाचं पाणी चालत नाही," तो म्हणाला. "मग आम्ही ते का प्यावं?"

हसणं थांबलं. प्रश्न खोटा नव्हता.

आई शाळेच्या व्हरांड्यात गेल्या. शाळेच्या नळाखाली पेला धरला, भरून आत आणला आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या पिऊन टाकला. शेवटच्या थेंबापर्यंत.

"आमच्या घरात सगळे हेच पितात," त्या म्हणाल्या. "वास येत होता तेव्हाही हेच प्यायलो. उकळतो ते बाळासाठी, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, आणि पाहुण्यांसाठी, माझ्या खुळेपणामुळे. माझी सून लहानपणी पाण्याच्या काविळीत मरता मरता वाचलीय. तिला विचारा विहिरीचं काय ते." मग पातेलं उचलून त्यांनी बेकरीवाल्याच्या पुढ्यात ठेवलं. "हे घेऊन जा. यात औषध नाही, उद्याचा पाव फुगेल. पण ट्रक धुतात त्या पाण्याचा पाव माझ्या नातीला विकू नका."

मला उठावं लागलं. मी भावाबद्दल बोलले. फार नाही बोलता आलं, पण बोलले. बेकरीवाल्यानं पातेलं आपल्याकडे ओढून घेतलं. शेवटी त्यानंच किल्ली उचलली आणि काकांच्या हातात दिली. "पाव मी उकळून गार केलेल्या पाण्यात मळीन," तो पुटपुटला. विहिरीवरची रांग दुसऱ्या दिवशी लागली नाही.

काकांनी किल्ली लगेच खिशात घातली नाही. "एक अट आहे," ते म्हणाले. "कुठल्याही घरी पाणी मी माझ्या हातानं घेणार. मला कुणी पाहुणा समजायचं नाही." आणि आईंकडे बघून म्हणाले, "वहिनी, खास करून तुम्ही."

आई वळून दाराकडे चालायला लागल्या. मला वाटलं, त्यांना लागलं.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला कामाला लावलं. अंगणातल्या पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून झालं, भिंतीला धरायला एक लोखंडी पाईप बसली. सोमवारी सकाळी पुलावर पावलं आणि काठी वाजली. मी मशीन थांबवलं.

काका व्हरांड्यात आले. चांगली खुर्ची बाहेर आलेली नव्हती. चांगला पेलाही नव्हता. आईंनी कान तुटलेला कप काकांच्या हातात दिला, रिकामा.

"मागे जा आणि नळावरून घ्या," आई म्हणाल्या. "घरच्या माणसांना आम्ही भरून देत नाही."